होलाईची रास

कुळकवाडीच्या माथ्यावर दगडांची कंबरभर उंच रास आहे. तिला होलाई म्हणतात. पाहुणे नकळत हात जोडतात, तेव्हा म्हातारे लखूआबा कोकरे त्यांना थांबवतात. "देवी नव्हं ही. साहेबाच्या बोलीतला शब्द हाय."

फार पूर्वी जमीन मोजणारा एक गोरा साहेब इथे आला होता, म्हणे. माथ्यावर ठकूबाई धनगरीण मेंढरं चारत होती. नवरा वारलेला, कळप हाच तिचा संसार. साहेबाने निशाणाचा बांबू तिच्या हातात दिला, "होल्ड" म्हणाला आणि दुर्बीण घेऊन ओढ्यापलीकडच्या टेकाडाकडे निघाला.

"धर म्हणतोय," दुभाषे बाबाजीपंत म्हणाले.

"कुठवर धरू?"

पंत तोवर उतरणीला लागले होते.

वारा सुटला. बांबू हिसके देऊ लागला, खांदे भरून आले. मेंढरं पांगत पांगत दरीच्या तोंडाशी गेली. ठकूबाईने हाका मारल्या, शिट्ट्या वाजवल्या. वाऱ्यात कोण ऐकतंय! तेवढ्यात झुडपातून लांडगा निघाला आणि त्याने तिच्या डोळ्यांदेखत कोकरू उचललं. ती बांबू घेऊनच धावली. पलीकडून साहेब ओरडला, "होल्ड! होल्ड!"

"थांब म्हणतोय!" उतरणीवरून पंतांनी सांगितलं.

"मघाशी धर, आता थांब! एका शब्दाला तोंडं तरी किती?" संतापाने तिला रडू फुटलं. "आन् माझी मेंढरं कोण राखणार? त्येला इचारा!"

पंतांनी विचारलं नाही. तेव्हा तिने मागे फिरून बांबू पहिल्याच जागी जमिनीत खुपसला, भोवती दगड रचले, दर दगडाला एक शिवी घातली आणि दरीकडे पळाली. निम्माच कळप हाती लागला, असं सांगतात. साहेबाचं मोजमाप पुरं झालं. बांबू उपटून तो निघून गेला.

मागे इंग्रजीचे एक मास्तर आले होते. साहेबाच्या त्या 'होल्ड' शब्दाचा फार जुना अर्थ गुरं राखणं असाच होता, असं त्यांनी सांगितलं. लखूआबा म्हणाले, "मंग तेवढंच साहेब इसरला."

आजही अर्धवट सांगितलेलं काम गळ्यात घालून कुणी निघून गेला, की कुळकवाडीत "होल देऊन गेला" म्हणतात. मग चिडलेला माणूस माथा चढतो आणि राशीवर एक दगड आदळतो. रास दरवर्षी वाढतेच आहे.