पदराचा धागा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या काळच्या नद्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नाहीत. तेव्हा एका राज्यात यंत्रं दोरीच्या सांगण्यावर चालत. दोरीला गाठी मारलेल्या असत. यंत्राच्या दातांतून दोरी सरकली, की सैल गाठीला एक काम होई, घट्ट गाठीला दुसरं. गिरणी दळे, माग विणे, पाटाची दारं उघडत आणि मिटत.

त्या राज्यात सगळ्यांचं मिळून एक भांडार होतं. तिथे अशा दोऱ्यांची गाठोडी ठेवलेली असत. कुणीही यावं, गाठोडं न्यावं, वापरावं, हव्या तशा गाठी हलवाव्यात, तशीच दुसरी दोरी वळून शेजाऱ्याला द्यावी. नेणाऱ्यानं कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण ते विचारणं आधीच होऊन गेलेलं असे.

ते काम एका म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडे होतं. रीत अशी होती, की दोरी करणाऱ्यानं, तो हयात नसेल तर त्याच्या वारसानं, आपल्या अंगावरच्या वस्त्रातला एक धागा ओढून तिला बांधायचा. धागा म्हणजे त्याचा शब्द. ‘ही मी दिली. वापरा, बदला, वाटा.’ नवं गाठोडं आलं, की बुवा ते सोडत आणि दोरी न् दोरी चाचपून तिचा धागा बघत. मग पुन्हा बघत. उभा जन्म अभ्यासात गेला होता, तरी आपल्याच डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

पण गाठोडं ते इतकं हळू सोडत, ते केवळ चुकण्याच्या भीतीनं नव्हे. एका गिरणीच्या गाठोड्यात कोळ्यांची दोरी निघे, कुंभारांची निघे, वाळवंटातल्या उंटवाल्यांची निघे. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं एका गाठोड्यात शेजारी शेजारी बसलेली!  देवळात शिरावं तसे बुवा गाठोड्यात शिरत.

एकदा एक तरुण कारागीर बाई धापा टाकत आली. तिचं गाव पाटाच्या अगदी शेवटाला. वरची गावं पाणी ओढून घेत आणि खाली नुसता चिखल येई. तिनं असं गाठोडं बांधलं होतं, की पाटाची दारं पाळीपाळीनं आपोआप उघडावीत आणि शेवटच्या शेतालाही पाणी मिळावं. ते एकदा भांडारात आलं, की राज्याच्या नियमानं पाटावरच्या सगळ्या गावांना ते लावावंच लागणार होतं.

बुवांनी गाठोडं सोडलं आणि डोळे मिटून चाचपू लागले. मधेच त्यांची बोटं थबकली.

“बाई, या दोरीला धागा नाही.”

“ती एका मोडक्या गिरणीत खुंटीला टांगलेली मिळाली. धागा नाही म्हणजे कुणाचीच नाही. कुणाचीच नाही म्हणजे सगळ्यांची!”

“धागा नाही म्हणजे कुणी दिलेली नाही,” बुवा हळूच म्हणाले.

“पिकं माना टाकतायत शास्त्रीबुवा, आणि तुम्ही धागे मोजताय?”

“ही दोरी वगळून चालणार नाही का?”

“माझ्या मनानं वळून पाहिली तशी. दारं आपटून फुटली. हीच दोरी दारांना दमानं मिटायला शिकवते.”

बुवा विचारात पडले. आपल्या उपरण्यातला एक धागा ओढून बांधला, तर कुणाला कळणार होतं? आपण सचोटीनं वागतोय, की आपल्या भित्रेपणालाच सचोटी म्हणतोय? काही उमगेना. शेवटी त्यांनी दोरी उचलली आणि म्हणाले, “चला, ती गिरणी दाखवा.”

गिरणीशेजारी एक म्हातारी राहत होती. दोरी पाहताच तिनं ती छातीशी धरली. “आमच्या ह्यांच्या हातची आहे. ते गेले आणि मी गिरणीत पाऊल टाकलं नाही.”

बाईनं सगळी हकीकत सांगितली. म्हातारीनं डोळे पुसले. “ने पोरी. पण एकही गाठ हलवायची नाही. त्यांनी ठेवलीय तशीच राहू दे.”

“चालेल आजी!” बाईचा चेहरा उजळला.

“नाही चालणार,” बुवा म्हणाले. बाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांची जीभच अडखळली. “ताई, उद्या डोंगरातलं गाव ही दोरी नेईल. तिथलं पाणी उतारावरून धावतं. त्यांनी गाठ हलवली नाही, तर त्यांची दारं फुटतील. जिला हात लावायचा नाही, ती दोरी भांडारात ठेवता येत नाही.”

“मग त्यांचं असं काय उरलं?” म्हातारीनं दोरी मागे ओढली.

 बुवा एवढंच म्हणाले, “एकदा वाचून बघू द्या.” मग डोळे मिटून तिच्या हातातल्याच दोरीवरून बोटं फिरवत पुटपुटू लागले, “एक सैल, दोन घट्ट, एक सैल, एक जागा मोकळी...”

“...दोन घट्ट, आणि काठ वळव!” म्हातारीनं पुढचं म्हटलं आणि स्वतःच दचकली. “अगं बाई! हा तर माझ्या बाबांचा ठेका. मागावर लुगड्याचा काठ विणताना हेच म्हणायचे. धागा तुटू नये म्हणून दमानं वळवायचा काठ!”

 सासऱ्याची काठ सांभाळणारी मोजणी म्हातारीच्या नवऱ्यानं चार गाठी बदलून गिरणीत नेली होती. आता तीच पाण्याची दारं सांभाळणार होती. बुवांचे हात आपोआप जोडले गेले.

“म्हणजे ह्यांनीही बाबांच्या गाठी हलवल्या तर,” म्हातारी स्वतःशीच बोलली. “आणि तरी बाबा आहेतच की या दोरीत.”

“ताई,” बुवा चाचरत म्हणाले, “तुमच्या बाबांनी ती दिली होती ना? म्हणजे... विचारून घेतली होती ना?”

म्हातारी खदखदून हसली. “बाबांनीच शेजारी बसवून शिकवली जावयाला! बुवा, तुम्हाला न्यायला यम आला, तर त्यालाही विचाराल, रेडा कुणाचा आणि मालकाचा होकार आहे का!”

हसत हसतच तिनं पदरातून एक धागा ओढला आणि दोरीला बांधला.

पाणी शेवटच्या गावाला पोचलं. उशीर झाला होता. कडेची शेतं वाळून गेली होती आणि त्यांच्या मालकांनी बुवांना बरीच वर्षं बोल लावले. बुवांनीही ते कधी खोडून काढले नाहीत. पण बाकीचं गाव तगलं. पुढे डोंगरातल्या लोकांनी गाठी हलवल्या, मग बंदरातल्या लोकांनी हलवल्या. त्यांनी जे नवं केलं, तेही आपापल्या वस्त्राचा धागा बांधून भांडारात आणून ठेवलं. शेजारच्या राज्यात मात्र दोऱ्या न विचारता उचलत. तिथले कारागीर आपल्या दोऱ्या पेटीत घालून कुलूप लावू लागले, आणि एकेक करून तिथली यंत्रं थांबली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं सांगणं इतकंच: मनापासून दिलेलं सगळ्यांत वाटलं, की वाढतं; न विचारता घेऊ लागलं, की लोक आपलं लपवू लागतात.