अकरा हात पांढरी भिंत

"त्या पांढऱ्या पट्ट्याच्या आत म्हणे एका बाईला..."

एवढंच कुमुदताईंच्या कानावर आलं आणि तिकिटाची रांग पुढे सरकली. बोलणाऱ्या दोघीजणी आत गेल्या, वाक्य अर्धंच राहिलं. कुमुदताई कराडहून महिला मंडळाच्या सहलीबरोबर आलेल्या. शेजारी भांडं पडलं तरी चौकशीला जाणारी बाई ती, अर्धं वाक्य घेऊन गप्प कशी बसणार?

वेळणेरचं नव्या चित्रकलेचं संग्रहालय बंदराच्या धक्क्यावर, पाण्याकडे तोंड करून उभं आहे. दुमजली, लांबच लांब, भरून आलेल्या आभाळासारखं करडं. ना रंग, ना गिलावा. काँक्रीटवर फळ्यांचे वणसुद्धा तसेच ठेवलेले. मात्र समुद्राकडच्या अंगाला, मधोमध नाही, जरा डावीकडे, जमिनीपासून माथ्यापर्यंत एक पांढराशुभ्र पट्टा आहे. अकरा हात रुंद. रंगाचा नव्हे, चुन्याचा. लोक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि विचारतात, हे कुठल्या चित्रकाराचं काम? मागे टेकडीवर देवीचं देऊळ, उतारावर कोळीवाड्याची घरं. निळी, गुलाबी, पिवळी, पोपटी. पांढरं एकही नाही.

आतल्या चित्रांत कुमुदताईंचं मन लागेना. बाहेर येऊन त्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. त्यानं पायरीवर जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "पोशा तांडेल. त्यांना विचारा. पण गाडीची घाई असेल तर नका विचारू."

"काका, त्या भिंतीत बाई पुरलीय म्हणे?"

"कोन बोलला?"

"रांगेत ऐकलं. अर्धंच."

"मग बस बाय. उरलेला अर्धा रांगेत नाय भेटत."

तांडेलांनी सांगितलं ते असं.

वेळणेरच्या खाडीच्या तोंडाशी कासवीण नावाचा खडक आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो, दिसत नाही. त्याच्या बाजूनं आत यायची वाट दोन होड्यांपुरती. ती वाट पाण्यावरून कळत नाही, जमिनीकडे बघून धरावी लागते. पूर्वी संग्रहालयाच्या जागी कोळ्यांची घरं होती, आणि सगळ्यांत पुढे धाकू वैतीचं. त्याची समुद्राकडची भिंत तेवढी चुन्यानं पांढरी असे. ती पांढरी भिंत आणि तिच्या बरोब्बर डोक्यावर देवीचा कळस, असं जुळलं की होडी खुशाल आत घालायची. बापजाद्यांपासून हाच रिवाज.

पावसानं भिंत शेवाळून हिरवी पडे. म्हणून श्रावणातली उघडीप बघून, नारळी पौर्णिमेच्या आधी तिला शिंपल्यांच्या चुन्याचा हात द्यायचा. एका वर्षी धाकूच्या बायकोनं, चांगुणानं, चुना भिजवून ठेवला, पण उघडीप पौर्णिमेनंतरच आली. धाकू म्हणाला, "पहिली खेप मारून येतो, मग उद्या बघू." त्याच आठवड्यात कुणी मोठे साहेब बंदर बघायला यायचे होते, म्हणून पलीकडचं गोदाम कुणीतरी पांढरंफेक रंगवून घेतलं होतं. धाकू परतला तेव्हा सांज झालेली. हिरवी भिंत हिरव्या डोंगरात मिसळून गेली होती. त्याला एकच पांढरं दिसलं, आणि त्यानं कळस त्याच्याशी जुळवला. होडी सरळ कासवीणवर गेली. बरोबरचे दोघे पोहत आले. धाकू आला नाही.

तेराव्या दिवशी चांगुणानं तोच भिजवलेला चुना घेतला आणि एकटीनं सगळी भिंत पांढरी केली. मग कळसाकडे तोंड करून म्हणाली म्हणे, "माझा हात हलतोय तोवर ही भिंत मळायची नाही. आणि या किनाऱ्यावर दुसरी पांढरी व्हायची नाही." दुसरं बोलणं होतं गावासाठी. गावानं ते ऐकलं. गोदाम रातोरात तांबडं झालं. तेव्हापासून कासवीणनं माणूस घेतलं नाही असं सांगतात. दाट धुक्यात, स्वतःच्या होडीचं पुढचं टोक दिसत नसताना चांगुणाची भिंत दिसायची, असंही सांगतात.

पुढं पुष्कळ वर्षांनी शहरानं तिथं संग्रहालय बांधायचं ठरवलं. पुढच्या घरांना टेकडीच्या उतारावर जागा मिळाली, सगळे गेले. चांगुणा हलली नाही. म्हातारी हट्टी, लोक म्हणाले. इमारतीचा आराखडा काढणारे पाठारेसाहेब भले माणूस होते. त्यांच्या मनातली इमारत पांढरी होती, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी. सात वर्षं त्यांनी तीच चितारली होती. धक्क्यावर जरा पलीकडे नमुन्याची एक उंच भिंत बांधून, पांढरी करून, ती बघायला ते चांगुणाला बोलवायला आले.

चांगुणा भांडली नाही. म्हणाली, "सांजच्याला होडीत ये."

वल्ही पोशा तांडेलांच्याच हातात होती, तरी हेही ते 'म्हणे' लावूनच सांगतात. खाडीच्या तोंडाशी चांगुणानं होडी वळवायला लावली. किनाऱ्यावर आता दोन भिंती पांढऱ्या दिसत होत्या, एक ठेंगणी, एक उंच. "वाट तुला सांगितलीय. पांढऱ्यावर कळस. सांग साहेब, होडी कुठं घालू?"

पाठारेसाहेबांनी बघितलं आणि बोट केलं. आपल्याच भिंतीकडे.

तांडेलांनी होडी तिकडे हळूहळू नेली. थोड्या वेळानं तळाला खालून काहीतरी घासलं. लाकडावर दगड, लांबलचक.

"हा इथं ऱ्हातो," चांगुणा म्हणाली. "माझा धाकू."

साहेब फळीवर खाली बघत बसून राहिले. धक्क्याला उतरताना चांगुणा म्हणाली, "घर घे तू. पांढरा तेवढा माझा मला ठेव."

साहेबांनी सात वर्षांचे कागद गुंडाळून ठेवले. इमारत करडी झाली. चांगुणाची भिंत जिथं होती तिथंच, तितकीच रुंद, पांढरी जागा त्यांनी राखली. घर पाडायच्या दिवशी चांगुणा बघायला आली नाही. पण पुढच्या श्रावणात कुंचला घेऊन पहिली तीच हजर होती. हात पोचेल तेवढं तिनं केलं, वरचं बाकीच्यांनी.

"म्हणजे पुरली नाही," कुमुदताई म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलं, आणि थोडं कमीही वाटलं.

"पुरते कोन? माझ्या घराच्या ओट्यावर गेली ती. चा पिऊन आडवी झाली, ती झालीच. श्रावणच होता, चुना भिजवलेला." तांडेलांनी जाळ्याची गाठ दातानं आवळली. "अस्थी दर्याला दिल्या. धाकू तिथंच हाय ना. मूठभर राख ठेवली, ती चुन्यात कालवली. तिनंच तसं सांगितलं होतं म्हणे."

"म्हणे?"

"कालवली ती माझ्या हातांनी. ती तसं बोलली होती का माझ्याच मनानं घेतलं, ते आता मला सांगता नाय येत बाय."

आजही नारळी पौर्णिमेच्या आधी एक दिवस संग्रहालय बंद असतं. कोळीवाड्यातल्या बायका काथ्याचे कुंचले घेऊन येतात आणि त्या अकरा हातांना चुना देतात. होड्यांवर आता वाट दाखवणारी यंत्रं आहेत. तरी खाडीच्या तोंडाशी आलं की प्रत्येक होडीचा तांडेल मान वर करून भिंत आणि कळस जुळवून घेतो, मगच होडी आत घालतो. आजही त्या उतारावर घर रंगवताना पांढरा डबा कुणी घेत नाही.

कुमुदताईंनी जाता जाता भिंतीला हात लावला. तळहात पांढरा झाला. तो त्यांनी पदराला पुसला नाही.

गाडीतळावर रांगेतल्या त्या दोघी उभ्या होत्या. "तुम्ही त्या म्हाताऱ्याशी बोलत होता ना ताई? खरंच बाईला चिणलंय का हो आत?"

"चिणलं नाही कुणी," कुमुदताई म्हणाल्या.

"मग बाई नाहीच?"

कुमुदताईंनी हाताकडे पाहिलं. "आहे. मूठभर."