तिसऱ्या बोटीचं दार

“अजून काय राहिलं, मेस्त्री?”

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. दादामियाँ मेस्त्री बोटीवर उभे होते. कठड्यालासुद्धा न टेकता खाडीकडे पाहत होते.

बोटी बांधणाऱ्या त्या यार्डात एक रीत होती. बोट पुरी झाली की म्हातारे मेस्त्री तिला पाठ टेकून बसत आणि चहा मागत. चहा मागितला की बोट जायला मोकळी. नाही मागितला, तर ती जागची हलत नसे.

दूरच्या एका बेटांच्या देशासाठी किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या तीन छोट्या बोटी बांधायच्या होत्या. दोन जुन्या आराखड्यावर झाल्या, पोचल्याही. तिसरी शार्दूलने नव्याने आखली. इंजिनियर म्हणून त्याची पहिलीच. उद्या सकाळी ती मोठ्या जहाजावर चढणार होती. तिला न्यायला आलेला त्या देशाचा सारंग, म्हणजे बोटीचा कप्तान, इलायस हसरा गडी होता. पण सही करायचा कागद त्याने खिशातच ठेवला होता.

“आधी चहा,” तो म्हणायचा. तेवढं मराठी तो शिकला होता.

“पस्तीस नॉटने जाते, मेस्त्री. या खाडीत इतकी वेगवान बोट कुणी बांधली नाही.”

“खरं आहे.”

“रडार आहे. अंधारात बघणारा कॅमेरा आहे. मग नाही काय?”

“दार.”

“दार? तीन आहेत! मोजून दाखवू?”

“ती आतल्यांची.”

शार्दूल हसला. म्हातारा थकला, असं त्याला वाटलं.

“चला, एक फेरी मारू. मग बोला.”

सगळ्यांनी नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली. मेस्त्रींचे पट्टे शार्दूलने स्वतः आवळले.

खाडीच्या तोंडाबाहेर बोट उधळली. इलायसने आनंदाने आरोळी ठोकली. मग वळण घ्यायला बोट मंद झाली…

मेस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली, इलायसच्या हातात दिली, कठडा ओलांडला.

धप्प!

“मेस्त्री!”

बोट गर्रकन वळली, त्यांच्याकडे धावली, आणि तिच्याच लाटेने मेस्त्री लांब फेकले गेले. पुन्हा वळली. पुन्हा फेकले गेले. नारिंगी ठिपका लाटांवर डुलत होता.

“अरे, न्यायला येतोस की हाकलायला?” ठिपका ओरडला.

शेवटी शार्दूलने सुकाणूवरच्या माणसाला इंजिन बंद करायला लावलं. बोट हळूहळू सरकत जवळ आली. इलायस डेकवर पालथा पडला आणि त्याने हात खाली सोडला. मेस्त्रींनी हात वर केला. वीतभर अंतर राहिलं. मग शार्दूल कठड्याखालून अर्धा बाहेर लोंबला आणि इलायस त्याच्या पायांवर बसला. तरी चार बोटं राहिलीच.

अखेर दोराचा फास मेस्त्रींच्या काखेत अडकवला आणि सगळ्यांनी मिळून ओढला. मेस्त्री मोठ्या माशासारखे डेकवर येऊन पडले. इलायसने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली.

“किती वेळ लागला रे?” मेस्त्रींनी विचारलं.

“अकरा मिनिटं,” शार्दूल धापा टाकत म्हणाला.

“पस्तीस नॉटने अकरा मिनिटांत कुठवर जाता येतं?”

शार्दूलने मनात हिशेब केला. “सहा मैलांच्या वर.”

“आणि आपण किती गेलो?”

“हातभर,” शार्दूल म्हणाला.

“तेही वरच्या दिशेने,” मेस्त्री बोट वर करत म्हणाले, आणि आधी इलायस हसला की शार्दूल, ते कुणाला कळलं नाही.

थोड्या वेळाने शार्दूल हळूच म्हणाला, “जुन्या बोटींच्या कठड्याला मागे फट होती. पाण्यातल्या माणसाला वर यायला खाली शिडी होती. कठड्याची रेषा तुटते म्हणून मी दोन्ही काढून टाकल्या.”

मेस्त्री लुंगी पिळत राहिले.

धक्क्यावर येताच शार्दूलने ग्राइंडर मागवला. आपला तो सुंदर, सलग कठडा त्याने स्वतःच्या हाताने कापला. ठिणग्या उडाल्या. दुपारपर्यंत फट झाली, आणि फटीखाली पाण्यात उतरणारी घडीची शिडी बसली.

ती तपासायला इलायसने उडी मारली. वर आला. पुन्हा मारली. तिसरी उडी नुसतीच मजेची होती. मग वेल्डरने मारली, रंगाऱ्याने मारली, चष्मा सांभाळत शार्दूलनेही मारली. ऊन कलेपर्यंत अर्ध्या यार्डाची आंघोळ झाली होती, आणि जो तो आपल्या पायांनी वर येत होता.

तेव्हा दादामियाँ खाली बसले. पाठ त्यांनी बोटीला टेकली.

“चहा आणा रे.”

इलायसने खिशातून कागद काढला. तोही भिजला होता. तशाच ओल्या कागदावर त्याने सही केली.

शार्दूल केसांतून पाणी निथळत त्यांच्याजवळ टेकला.

“मेस्त्री, तुम्हाला इतकं छान पोहता येतं, हे कधी बोलला नाहीत.”

मेस्त्रींनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

“मला कुठे येतं?”