परीचा निळा खवला

नदीकाठच्या एका गल्लीत सगळी घरं रंगाऱ्यांची होती. अंगणाअंगणात लाल, पिवळी, हिरवी लुगडी वाऱ्यावर डुलायची. एकाच अंगणातली दोरी रिकामी होती. ते घर सगुणाचं.

सगुणाची आई मोठी गुणी रंगारीण. पण रंग उकळताना लागणाऱ्या धुरानं तिचे डोळे अधू झाले. माणसं दिसत, भांडी दिसत, रंग तेवढे दिसेनात. हिरवं लुगडं सांगितलं की मातकट होऊन निघायचं. मग कामच येईना. उरला एक निळीचा खडा. सगुणाच्या परकरासाठी आईनं जपलेला तो खडा सगुणा कनवटीला बांधून हिंडायची.

एकदा ती झऱ्याकाठच्या बागेत रिठे वेचायला गेली. झाडाखाली देवापुढे एक विझलेली पणती होती, आणि तिच्यातल्या तेलात कोण पडलं होतं म्हणता? अंगठ्याएवढी परी! इवलेसे पंख, पण पार तपकिरी.

"अगंबाई," सगुणा म्हणाली, "तुझा रंग कच्चा होता वाटतं. सगळा उतरला की."

रंगाऱ्याची लेक ती, दुसरं काय म्हणणार! तिनं कनवटीचा खडा काढला. "हा घे. मी तुझे पंख रंगवून देते."

परीला हसू आलं. "वेडे, माझ्या पंखांत निळा रंग नाहीच मुळी. पातळ पातळ पापुद्रे आहेत, एकावर एक, मध्ये हवा. उजेड त्यात शिरतो, खेळतो आणि निळा होऊन बाहेर येतो. आता फटीत तेल भरलंय, तो खेळणार कुठे?"

सगुणानं रिठ्याचा फेस केला. अगदी हलक्या हातानं पंख धुतले, फुंकर घालघालून वाळवले. आणि काय सांगू, पंख झळाळले! इकडून निळे, तिकडून हिरवे, मध्येच जांभळे.

"माग एक इच्छा," परी म्हणाली.

"माझ्या आईला रंग दिसू देत."

परीनं पंखावरचा चिमुकला खवला तिच्या तळव्यावर ठेवला. "उन्हात धरून हळूच कलता कर. पण वाटायचा नाही, उकळायचा नाही. फुटला तर नुसता चुरा, आणि दुसरा मिळायचा नाही."

सगुणा धावत घरी आली. "आई, परीनं तुझ्यासाठी रंग दिलाय. थांब हं, डोळे पुसायला पाणी आणते."

रंग म्हटला की रंगारणीचा हात बत्त्याकडे जायचाच. सगुणा परतली तर खवला खलात आणि बत्ता वर उचललेला. तिनं झटकन खलात हात घातला. बत्ता बोटावर बसला.

"अगं माझ्या बाळा! बघू, बघू बोट." आईनं तिला दारातल्या उन्हात ओढलं, बोट इकडे कलवलं, तिकडे कलवलं. ओल्या बोटाला खवला चिकटला होता.

आईनं ते बोट डोळ्यांजवळ नेलं. मग हळूच म्हणाली, "निळा... सगू, निळा दिसतोय गं. आता हिरवा."

खवला बोटावरून उडाला. दारात परी होती, तिच्या पंखावर जाऊन बसला. आईनं हात जोडले. सगुणा म्हणाली, "परीताई, तुझे फार फार उपकार झाले."

"आणि माझे पंख कुणी धुतले?" परी हसली, आणि बघता बघता उन्हात मिसळून गेली.

खवला गेला तरी आईला रंग दिसतच होते. तिनं लेकीला डोळे भरून पाहिलं. "सगू, परकर किती विटलाय गं तुझा. आण बरं तो खडा."

संध्याकाळी रिकाम्या दोरीवर एक निळाशार परकर वाळत होता.