ब गटाची हरकत

“तीन सामने जिंकणारा घरी जाणार, आणि दोन जिंकणारा उपांत्य फेरीत. हा कुठला न्याय, बाबा?”

सर्जेराव अजून धड टेकलाही नव्हता. टेकडी चढून त्याला दम लागला होता आणि नजर सारखी घड्याळावर.

अमीनबाबा सदऱ्याला टाका घालत बसले होते. फकीर माणूस, कपडे ते किती असणार. मान वर न करता म्हणाले, “आधी पाणी पी.”

“पाणी नको. दिवे लागायच्या आत पंचांकडं हरकत द्यायचीय. तुम्ही नुसतं म्हणा, की हे चुकीचं आहे. तुमचा शब्द पंच खाली पडू द्यायचे नाहीत.”

“काय चुकीचं आहे?”

हे विचारायचीच खोटी होती. माणकेवाडीच्या कबड्डी संघाचा असला वेडा पंचक्रोशीत दुसरा नाही. स्वतः कधी मैदानात उतरला नाही, पण कुठल्या साली कुणाची पकड कुणी केली ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल. आणि सांगताना गुर्मी अशी, की जणू पकड यानंच केली!

“चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, बाबा. पाच-पाच संघ. गटातले पहिले दोन पुढं. आमच्या ब गटात तिन्ही वाघ एकत्र आले आणि अ गटात सगळी शेरडं. आम्ही चारातले तीन सामने मारले. आणखी दोघांनीही तीन-तीन मारले. मग गुणफरक काढला... आणि आम्ही तिसरे. तिकडं अ गटातला दुसरा संघ दोन सामने जिंकून ऐटीत पुढं गेला. एक चिठ्ठी इकडची तिकडं झाली असती तर आम्ही असतो तिथं! मग खेळायचं कशाला? नशिबाच्याच हातात कप देऊन मोकळं व्हा की!”

बाबांनी पुढचा टाका घातला.

सर्जेरावाचा आवाज खाली आला. “जोतिरामची ही शेवटची स्पर्धा आहे. कप्तान आमचा. गुडघा गेलाय त्याचा. डॉक्टर म्हणालेत, एवढी खेळ आणि बास कर. पुढल्या वर्षी म्हणायची सोय नाही, बाबा. मला रात्रीपासून घास गिळवत नाही.”

“गुणफरकाचा नियम आधी सांगितला होता?”

“होता.”

“तेव्हा घ्यायची होती हरकत.”

“तेव्हा... तेव्हा काय ठाऊक, आमच्यावरच येईल म्हणून?”

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“तू आत कसा आलास, सर्जेराव?”

“म्हणजे? माझा खडा निघाला.”

बाबांकडं गुरुवारी गर्दी होते. त्यांची रीत अशी, की येणाऱ्यानं पायथ्याचा एक खडा उचलून आणायचा आणि दारातल्या टोपलीत टाकायचा. बाबा डोळे मिटून एक खडा काढतात. ज्याचा निघाला, त्याचीच त्या दिवशी बैठक. बाकीच्यांनी बाहेरून सलाम करायचा आणि पुन्हा कधीतरी यायचं. आज सर्जेराव सगळ्यांच्या शेवटी आला होता. त्याचाच खडा निघाला तेव्हा “बघा, देवालाही पटलंय!” असं तो बाहेरच्यांना ऐकवून आत शिरला होता.

“बाहेर कोण कोण आहे?”

“आहेत अजून पाच-सहा जण, गेले नाहीत. मी काही नीट पाहिलं नाही.”

“तुझ्या आधीचे?”

सर्जेराव चुळबुळला. “हो... आधीचे.”

“मग असं करू. तुझी बैठक तुझीच. पण आज मी आणखी एकाला आत घेतो. टोपलीत हात घालत नाही. नशिबाचं काम नको. तू जा आणि न्यायानं एक माणूस निवडून आण. तोवर मी तुझ्या पंचांना काय सांगायचं ते बघतो.”

“एवढंच ना? हा आलोच!”

सर्जेराव तीरासारखा बाहेर गेला. न्याय करायचा म्हटल्यावर त्याच्या अंगात बळ आलं.

अंगणात एक म्हातारबाबा काठी धरून बसले होते. म्हणाले, “चार गुरुवार झाले येतोय लेकरा. खडा काही निघत नाही.” सर्जेरावानं मनात त्यांचाच नंबर लावला. चार खेपा म्हणजे चांगलाच गुणफरक!

“तुम्ही चला, आजोबा.”

“ते का म्हणून?” शेजारची बाई ताडकन उठली. “आमचं माणूस आखातात गेलंय. दोन महिने फोन नाही, जिवंत आहे का ते कळंना. मी पहिल्यांदा आले हा माझा गुन्हा झाला काय?”

सर्जेराव थबकला. खरंच होतं बाईचं. “बरं मावशी, मग तुम्ही...”

“आणि मी अनवाणी आठ कोस आलो ते?” भिंतीकडून एक जण बोलला.

“माझ्या सुनेचे दिवस भरलेत, मला घर गाठायचंय.”

“आजोबांना आधी चल म्हणालास, आता फिरवतोस होय?”

“अहो, सगळा विचार करूनच ठरवतोय ना!” सर्जेराव ओरडला. कपाळावर घाम आला होता. वाट, दुःख, चाल, घाई... कशाला किती गुण द्यायचे? आजोबांकडं वळला की बाई रडायची, बाईकडं वळला की आजोबा काही न बोलता काठीकडं बघायचे. ते बघणं तर त्याला अजिबात सोसेना.

शेवटी भिंतीकडचा माणूस उठला आणि सरळ म्हणाला, “तुम्हाला नेमलं कुणी? सगळ्यांच्या शेवटी आलात आणि आम्हाला गुण देताय?”

सकाळी पंचांच्या मांडवात उभं राहून सर्जेराव हेच बोलला होता. अगदी याच सुरात.

तो आत आला तो एकटाच. खाली गावात मैदानावरचे दिवे लागले होते.

“कुणाला आणलंस?”

“कुणालाच नाही.” तो दाराशीच टेकला. “कुणाचंच कमी नाही, बाबा. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघवत नाही.”

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. तो टाका घातलेला सदरा अंगात घातला, दार ओलांडलं, आणि अंगणात त्या माणसांच्या मधोमध मातीतच मांडी घातली. एका बाजूला काठीवाले आजोबा, दुसऱ्या बाजूला ती बाई. कुणाला काही विचारलं नाही. नुसते बसले.

बाई हुंदके देत होती. हळूहळू थांबली.

सर्जेराव धावत मागं आला. “बाबा! दिवे लागले... हरकतीची वेळ गेली. आता काहीच होणार नाही. तीन सामने जिंकूनसुद्धा...” एवढा मोठा गडी, डोळे पुसायला लागला. “आमच्या जोतिरामचं काय हो?”

“कुठं आहे तो?”

“तिकडंच, मैदानाच्या मागं. गुडघ्याची पट्टी सोडत बसला होता. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. संघातले, गावातले, सगळे पंचांच्या मांडवात भांडतायत. मी इकडं...”

“त्याच्याजवळ कोण बसलंय?”