अपुरा पडलेला सुंभ

वर बघा. झुंबर नव्हे हो, ते परवाचं आहे. त्याच्या मागच्या फळ्या बघा. फळीला फळी सुंभाने शिवलेली आहे, खिळा एकही नाही. आणि तो कोपरा बघा, तिथे एक टाका उघडाच ठेवलाय. उजेड येतो तिथून, पावसात पाणीही. तळखाडीच्या मशिदीचं छत असं का, हे येणारा प्रत्येक जण विचारतो. बसा इथे पायरीवर. माझे हात मात्र चालू राहतील, काथ्या भिजवून ठेवलाय, तो वळायलाच हवा.

हे छत म्हणजे एक नाव आहे, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. तिकडे बसऱ्याच्या बाजूला राज्य पालटलं, आमच्या माणसांच्या जिवावर बेतलं. चाळीस माणसं इद्रीस नाखव्याच्या नावेतून हिजरतीला निघाली, म्हणजे ईमान आणि जीव वाचवायला घरदार सोडून निघाली. नावेत जागाच चाळिसांची. ऐन वेळी एक गरोदर बाई धक्क्यावर धावत आली. तेव्हा नाखव्याची म्हातारी आई मरियम उठली, खाली उतरली आणि आपली जागा तिला दिली.

नाखवा सगळ्यांदेखत रडला म्हणे. आईचे पाय धरून म्हणाला, "अम्मा, हीच नाव घेऊन वर्षाच्या आत येतो. तुला न्यायला येतो."

म्हातारी म्हणाली, "टाके बघत जा रे बाबा."

त्या काळी तिकडच्या नावा शिवलेल्या असत, आणि टाके तपासायचा ह्याला पहिल्यापासून कंटाळा.

नाव आमच्या खाडीत लागली. इथल्या कोळ्यांचा म्होरक्या धाकू तांडेल. त्याने पाणी दिलं, भात दिला, राहायला जागा दिली. नाखव्याने नाव वाळूवर ओढून ठेवली, तिकडे ठेवायचे तशी, उघडी. धाकू म्हणाला, "नाखवा, इथला पाऊस चार महिने हटत नाही. नाव शाकारून घ्या."

"आमच्या बापजाद्यांच्या नावा वाळूवरच राहिल्या, तांडेल. नावेचं आम्हाला नका सांगू."

आता काय म्हणावं ह्या माणसाला! ज्या मुलखात वर्षाकाठी चार थेंब पडतात, तिथली अक्कल घेऊन तो कोकणात उभा होता. पावसाळा सरला तेव्हा सगळे टाके कुजले होते आणि नावेच्या फळ्या वाळूवर सुट्ट्या पडल्या होत्या. आई तिकडे धक्क्यावर वाट बघणार, आणि जायला नाव नाही.

धाकूने 'सांगितलं होतं ना' असं एका शब्दाने म्हटलं नाही. त्याच्या घरच्या बायका काथ्या घेऊन सुंभ वळायला बसल्या. नाखवा दिवसभर शिवायचा. बाकीची माणसं वडाखाली नमाज पढायची, डोक्यावर छप्पर नव्हतं, पण नाखव्याकडे फळी मागायची कुणाची छाती झाली नाही. वर्षाची मुदत टळली. अर्धी नाव शिवून झाली.

आणि तिकडचं एक व्यापारी जहाज खाडीत आलं. खलाशाने नाखव्याच्या हातात काळ्या सुंभाची वेटोळी ठेवली. खजुरीच्या झाडाच्या तंतूंचा सुंभ होता तो. खलाशी म्हणाला, "तुझी आई रोज धक्क्यावर बसून हा वळायची. म्हणायची, माझ्या पोराने टाके बघितले नसतील, कुजले असतील, म्हणून आला नाही. रमजानच्या शेवटी गेली बिचारी. सुंभ तेवढा पोचवा म्हणाली."

नाखवा तीन दिवस ती वेटोळी उशाशी घेऊन नावेपाशीच राहिला. चौथ्या दिवशी त्याने अर्धी शिवलेली नाव स्वतःच्या हाताने उसवली आणि फळ्या वडाखाली आणून ठेवल्या. त्या फळ्यांचं हे छत. आईच्या सुंभाने त्याने ते शिवलं, आणि शेवटच्या एका टाक्याला सुंभ पुरला नाही. धाकू आपला सुंभ घेऊन पुढे झाला, तर नाखव्याने त्याचा हात धरला. म्हणाला, "राहू दे, तांडेल. तो तिचा टाका आहे. ती वळत होती अजून."

आजही दर वर्षी मृगाआधी जुना सुंभ काढतात आणि नव्याने छत शिवतात. तो एक टाका कुणी घालत नाही. आणि सुंभ वळायचा तो फक्त ज्याचं पोर समुद्रापलीकडे आहे त्याने, असा रिवाज आहे. माझ्या लहानपणी अशी दोन-तीन घरं होती, सुंभ पुरता पुरायचा नाही. आता अख्खा मोहल्ला वळायला बसतो. पोरं सगळी तिकडेच, जिथून आम्ही आलो त्याच किनाऱ्याला. सुंभ उरतो हो आता, ढिगाने उरतो.

माझा मुबीन कुवेतला आहे, अकरा वर्षं झाली. परवा फोनवर म्हणाला, "अब्बा, तिथून अजून गळतं का?"

मी म्हटलं, "गळतं. ये आणि बघ."