दगडूचं नाव आणि राजाचं नाक

"येत्या पौर्णिमेपर्यंत प्रत्येकाने भारदस्त नाव घ्यावे! दगडू, धोंडू, केरबा असली नावे ज्यांना सोडवणार नाहीत, त्यांनी राज्य सोडावे हो!"

राजा रणधुरंधराची ही दवंडी ऐकून लोक आपापली नावे पुटपुटून पाहू लागले. दवंडीचे कारण काय, तर शेजारच्या राज्याचा वकील मेजवानीला आला होता. वाढायला दगडू, पाणी द्यायला धोंडू, पंखा हलवायला केरबा! वकील मिशीत हसून म्हणाला, "महाराज, हे राज्य आहे की दगडांची खाण?" राजाच्या घशात जिलबी अडकली, ती या दवंडीनेच सुटली.

मग त्रिलोचनशास्त्री देवळाच्या ओट्यावर बसले आणि प्रसाद वाटावा तशी नावे वाटू लागले. भुरट्या चोराला 'सत्यव्रत' मिळाले. लढाईतून दोनदा पळालेल्या शिपायाला 'समरकेसरी'. आया पोरांना जेवायला हाका मारू लागल्या, तर 'ज्ञानेंद्रचूडामणी' पुरे होईपर्यंत भाकरी गार! सगळे मनातल्या मनात करवादत होते, पण सत्तेपुढे शहाणपण चालते कुठे?

भाजी विकणाऱ्या सारजाने मात्र साफ सांगितले, "माझ्या लेकाचं नाव दगडूच ऱ्हाणार!"

पौर्णिमा उजाडली, तसे शिपायांनी तिला कडेवरच्या पोरासकट दरबारात उभे केले. राज्य सोडायचे तर तान्ह्याला घेऊन जायचे कुठे? आणि नाव सोडायचे म्हटले, की तिच्या काळजाचे पाणी होई.

"एवढं काय आहे त्या नावात?" राजा गरजला. "शास्त्रीबुवा याला 'भुवनभूषण' देताहेत. फुकट!"

"म्हाराज, ह्याच्या आधी माझी तीन लेकरं गेली," सारजा म्हणाली. "हिरामण, माणिक, मोती. हौसेनं नावं ठिवली, आन् काळानं एकेक वेचून न्हेलं. ह्याच्या बारशाला नणंद म्हनाली, आता दगडू म्हन. दगड कोन उचलून न्हेतंय? तवा हा जगला. तुमी ह्याला भूषण करा, आन् काळाला माझं दार दाखवा!"

राजालाही वाईट वाटले, पण दिलेला हुकूम मागे घ्यायचा, तर मिशीचे काय?

"ते काही नाही!" तो म्हणाला. "असल्या नावाचा माणूस कधी मोठा झालाय? मला असा एक माणूस दाखव. पण लहानसहान नको, माझ्याएवढा मोठा हवा! दाखवलास तर नाव तुझं. नाही तर आज सूर्य मावळायच्या आत वेस ओलांडायची!"

शास्त्रीबुवा खूश होऊन मान डोलवू लागले. महाराजांएवढे मोठे दुसरे कोणी नाही, हे तर ते रोज सकाळी महाराजांना सांगत!

सारजाने डोळे पुसून वर पाहिले. राजाला तिने इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. पाहता पाहता तिची नजर त्याच्या नाकावर खिळली. उजव्या नाकपुडीवर एक बारीक भोक होते, बुजत आलेले.

"म्हाराज, नाकाला काय झालं वो?"

"शत्रूच्या बाणाची खूण!" भाट मध्येच ओरडला. "त्यावर मी शंभर कवनं रचली आहेत!"

सारजाने पदर तोंडाला लावला. बाण लागला आणि भोक नथीएवढे? अशी नाके तिच्या गल्लीत चार होती. आधीची पोरे दगावली, की पुढच्या मुलाचे नाक टोचतात, हे कुठल्याही आईला ठाऊक! आणि नाक टोचले, की नाव तरी धड कुठे ठेवतात?

"म्हाराज, तुमच्या आत्यासाहेबांस्नी बोलवा," ती म्हणाली. "बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मला त्यांस्नी येकच इचारायचंय."

काठी टेकत आत्यासाहेब आल्या. सारजाने नमस्कार करून विचारले, "आत्यासाहेब, म्हाराजांच्या बारशाला कानात काय सांगितलंत?"

म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "अगं बाई, किती वर्षांनी कुणी विचारलं! याच्याआधीचे तिघं पाळण्यातच गेले गं. पृथ्वीपाल, जगज्जेता आणि तो चिरंजीव. म्हणून याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, नाक टोचलं आणि कानात म्हटलं, कुर्र... उकिरडा!"

"आत्यासाहेब!" राजा किंचाळला.

"ओरडतोस काय? दुधाचे दात पडायच्या आत तू गादीवर बसलास. शास्त्र्यांनी रणधुरंधर केलं, मग तुला उकिरडा म्हणायची छाती कुणाची?"

"खोटं! साफ खोटं!" शास्त्रीबुवा उठले. "आत्यासाहेबांचं वय झालंय!"

"तुझ्या आत्यानं तुला काय म्हटलं होतं, तेही आठवतंय मला. सांगू?"

शास्त्रीबुवा चटकन खाली बसले.

"सांगितल्यावाणी माणूस दाखवला, म्हाराज," सारजा हळूच म्हणाली. "उंचीला रेसभर कमी न्हाई, रेसभर जास्ती न्हाई!"

राजाचा चेहरा लालबुंद झाला. हात तलवारीकडे गेला. "माझं नाव रणधुरंधर! मी मानत नाही हे!"

"नका मानू," सारजा म्हणाली. "पर हुकूम तुमचाच हाय. नाव सोडा, न्हाई तर राज्य सोडा. माझं तर मावळतीला जायचं ठरलं. आत्यानं दिलेलं नाव तुमचंबी सुटंना, तर निघू जोडीनं. माझ्या डोईवर गाठोडं असंल, तवा दगडूला जरा तुमी कडेवर घ्या!"

असे म्हणून तिने पोर खरोखरच राजापुढे धरले! दगडूने हात लांब केला आणि सरळ राजाचे नाक पकडले.

राजाने डोळे वटारले, गाल फुगवले, आणि आतून जे हसू फुटले, ते आवरता आवरेना. पोट धरून तो सिंहासनावर गडाबडा लोळायचाच बाकी राहिला. "सोड रे बाबा! दवंडी रद्द! ज्याला जे नाव आवडतं, ते त्याने ठेवावं!"

ताबडतोब प्रधान पुढे सरसावला, "महाराज, माझंही मूळ नाव केरूच बरं का!" मग सेनापतीला आपण धोंडू असल्याचे आठवले, आणि भाटाने जागच्या जागी उकिरड्यावर कवन जुळवायला घेतले.

राजाने सारजाला नदीकाठचा बारमाही पाण्याचा मळा इनाम दिला. सनदेवर मालक म्हणून दगडूचे नाव घालून घेतले. कारभाऱ्याने शिक्का पुढे केला, तो त्याने बाजूला सारला, लेखणी मागवली आणि खाली ठसठशीत अक्षरांत स्वतःच्या हाताने सही केली: उकिरडा.